वळणावरचा कॅरियर : पाथ मेट आणि लोड बार यांच्या प्रकल्प नोंदी

स्थळ : कुपवाड औद्योगिक वसाहत, सांगली. काम : पावडर कोटिंगच्या (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवण्याच्या) ओव्हरहेड कन्व्हेयरची, म्हणजे माल डोक्यावरच्या ट्रॅकला टांगून चेनने फिरवणाऱ्या यंत्रणेची, संपूर्ण असेंब्ली (सर्व भागांची जुळणी) संगणकावर उभी करणे, टांगलेला माल वळणांवर, उतारावर आणि भट्टीच्या तोंडाशी कुठे अडकतो का हे तपासणे आणि त्यानुसार कारखान्यासाठी रेखाचित्रे देणे.

९ जून २०२५

ग्राहकाच्या शेडची मापे आज स्वतः जाऊन घेतली. दोन टोकांच्या खांबांमधले मोकळे अंतर १५ मीटर आहे. कन्व्हेयरचा ट्रॅक लांबट बंद वेटोळ्याचा असून त्यात १२,००० मिमीच्या दोन समांतर सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना ९०० मिमी त्रिज्येची अर्धवर्तुळे असा प्राथमिक आराखडा ठरला आहे. माल चढवण्याच्या जागी हात पोहोचावा म्हणून एका सरळ बाजूवर ट्रॅक ३० अंशांच्या उताराने ९०० मिमी खाली येतो आणि तेवढाच पुन्हा वर जातो. या उभ्या वळणांची त्रिज्या १२०० मिमी आहे.

चेन ४ इंची, रिव्हेटशिवाय जोडली जाणारी, एक्स-४५८ जातीची आहे. बाजारात ती ४ इंची म्हणून ओळखली जात असली तरी तिचा प्रत्यक्ष पिच (एका कडीची सांध्यापासून सांध्यापर्यंतची लांबी) १०२.४ मिमी असतो, आणि मॉडेलमध्ये हाच आकडा वापरायचा आहे. दर ६ पिचला एक ट्रॉली (ट्रॅकवर चाकांनी चालणारा टांगणीचा भाग), म्हणजे दोन ट्रॉलींमध्ये ६१४.४ मिमी. सर्वांत मोठा माल १८०० मिमी लांब आणि ३०० मिमी रुंद अशा खिडकीच्या ग्रिलच्या चौकटींचा आहे. प्रत्येक चौकट दोन ट्रॉलींना जोडणाऱ्या लोड बारवर टांगली जाईल.

११ जून

आजचा दिवस मार्गाच्या रेषेतच गेला. ग्राहकाकडून आलेल्या सपाट रेखाचित्रातला ट्रॅक मी थेट सॉलिडवर्क्स या त्रिमितीय आराखड्याच्या प्रोग्राममधल्या स्केचमध्ये आणला आणि त्यावर बिंदू सरकवून पाहिला, तेव्हा तो पहिल्याच वळणाच्या सुरुवातीला थांबला. मोठे करून पाहिल्यावर सरळ रेषा आणि कंस यांच्या टोकांमध्ये एक शतांश मिलिमीटरची फट सापडली. डोळ्याला ती दिसत नाही, छापील कागदावर तर दिसणे शक्यच नाही. पण प्रोग्रामच्या लेखी मार्ग तिथेच संपतो. अशा चार फटी होत्या.

फटी बुजवण्यासाठी फिट स्प्लाइन नावाच्या साधनाने सगळा मार्ग एका वक्रात बांधता येतो, आणि पुष्कळदा तसेच केले जाते. मी तो मार्ग घेतला नाही. स्प्लाइन दिलेल्या सहनशीलतेत (चालवून घेण्याजोग्या फरकात) मूळ रेषेच्या जवळून जाते, तिच्यावरूनच जाईल असे नाही, आणि त्यामुळे एकूण लांबीही थोडी बदलते. आपल्याला पुढे चेनचे पिच मोजायचे आहेत, म्हणून लांबी अचूक हवी. सबब त्रिमितीय स्केचमध्ये रेषा आणि कंस नव्याने काढले, प्रत्येक सांध्याला स्पर्शिकेचे बंधन दिले आणि मार्गाची सुरुवात वळणावर न ठेवता वरच्या सरळ बाजूच्या मध्यावर ठेवली.

१३ जून

सॉलिडवर्क्समधला पाथ मेट (भागाला मार्गावर धरून ठेवणारे बंधन) नेमके काय बांधतो याची नोंद इथे सविस्तर करते, कारण पुढच्या सर्व चर्चेचा तो पाया आहे आणि आपल्याकडे नव्याने येणारी मुले ही खिडकी उघडून पर्याय केवळ अंदाजाने निवडताना मी अनेकदा पाहिली आहेत.

कोणत्याही घन वस्तूला अवकाशात सहा मोकळिकी असतात : तीन दिशांना सरकण्याच्या आणि तीन अक्षांभोवती फिरण्याच्या. पाथ मेट वस्तूवरचा एक बिंदू वक्रावर ठेवतो. एवढ्याने दोन मोकळिकी जातात आणि चार उरतात : वक्राच्या दिशेने पुढेमागे जाणे आणि तिन्ही अक्षांभोवती फिरणे. म्हणूनच नुसता बिंदू बांधलेला भाग मार्गावरून धावतो खरा, पण धावताना वाऱ्यावर सोडलेल्या पतंगासारखा हवा तसा वळतो. वस्तूचा ठरावीक अक्ष मार्गाच्या स्पर्शिकेला धरून राहावा असे सांगितले की आणखी दोन मोकळिकी जातात. उरलेले लोळणे (मार्गाच्या दिशेभोवती फिरणे) वरच्या दिशेचा संदर्भ देऊन थांबवले की अखेर एकच मोकळीक राहते, ती म्हणजे मार्गावर पुढे जाणे. मार्गावरचे स्थान मोकळे ठेवता येते, सुरुवातीपासूनच्या अंतराने देता येते किंवा एकूण लांबीच्या टक्केवारीने देता येते.

इतर साधनांत हेच काम वेगळ्या रीतीने होते. इन्व्हेंटरमधले ट्रान्झिशनल बंधन बिंदू आणि रेषा यांच्यात नसून पृष्ठभागांमध्ये असते. दंडगोल पिन खाचेच्या सलग भिंतीला टेकून राहते. कॅम आणि खाच यांच्यासाठी ते उत्तम आहे. आपल्या चेनला मात्र रेषेवरचे अंतरच मोजायचे असल्याने पाथ मेट अधिक सोयीचा ठरतो.

आज संपूर्ण कॅरियर, म्हणजे लोड बार आणि चौकट, एकसंध धरून त्याच्या मध्यबिंदूला पाथ मेट दिला. सगळे वेटोळे विनाअडथळा पूर्ण झाले. वळणावर चौकटीचा बाहेरचा कोपरा ट्रॅकच्या मध्यरेषेपासून ४८३ मिमी बाहेर जातो आणि आतली बाजू १५० मिमी आत येते. भट्टीचे तोंड ६०० मिमी रुंद असून वळण संपल्यापासून ९०० मिमीवर आहे. तिथे दोन्ही बाजूंना १५० मिमी जागा राहते. हे आकडे ग्राहकाला कळवले.

१६ जून

कळवायला घाई झाली.

आप्पा आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने फिटर आहेत. त्यांनी पडद्यावर फिरणारी चौकट थोडा वेळ पाहिली आणि विचारले, “मॅडम, ह्याला चाकं किती जागी हायत?” मी म्हणाले, दोन ट्रॉली आहेत. त्यावर ते म्हणाले, “मग मधल्या ठिपक्यावर कशाला चालतंय हे? बैलगाडी एका ठिपक्यावर वळती का?”

त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. खऱ्या कॅरियरचा मध्यबिंदू ट्रॅकवर नसतोच. ट्रॅकवर असतात त्या दोन ट्रॉली, आणि लोड बार म्हणजे त्या दोघींना जोडणारी जीवा. जीवेचा मध्य कंसाच्या आत पडतो. मॉडेलमध्ये मी जीवेऐवजी स्पर्शिका चालवत होते.

१८ जून

असेंब्लीची पुन्हा बांधणी केली. आता दोन ट्रॉलींना प्रत्येकी स्वतंत्र पाथ मेट आहे. स्पर्शिकेचे अनुकरण आणि वरच्या दिशेचा संदर्भ दोघींनाही आहे, मार्गावरचे स्थान मोकळे आहे, आणि लोड बार दोघींच्या पिनांना जोडलेला आहे. वळणावर दोन पिनांमधले थेट अंतर सुमारे ६०३ मिमी धरून हिशेब केला, तर जीवेचा मध्य केंद्रापासून ८४८ मिमीवर येतो; म्हणजे तो ट्रॅकच्या रेषेपासून ५२ मिमी आत सरकतो. त्यामुळे चौकटीची आतली बाजू १५० नव्हे, २०२ मिमी आत येते. बाहेरचा कोपरा मात्र ४८३ ऐवजी ४४४ मिमीच बाहेर जातो. थोडक्यात, जुन्या मॉडेलने बाहेरची गरज फुगवून आणि आतली गरज कमी करून सांगितली होती. आतल्या बाजूला ग्राहकाची केबल ट्रे ट्रॅकपासून १८० मिमीवर येणार होती. ती चौकटीला घासलीच असती.

भट्टीच्या तोंडाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एका बिंदूच्या मॉडेलमध्ये तो बिंदू वळणातून सरळ रेषेत आला की त्याच क्षणी सगळी चौकट सरळ होते. प्रत्यक्षात त्या वेळी पुढची ट्रॉली ३०७ मिमी पुढे सरळ भागात असते आणि मागची अजून तेवढीच मागे कंसावर, ट्रॅकच्या सरळ रेषेपासून ५२ मिमी आत असते. त्यामुळे बार तिरका राहतो, आणि पुढचे टोक पुढच्या ट्रॉलीच्या सुमारे ६०० मिमी पुढे असल्याने तो तिरकेपणा टोकाशी आणखी ५० मिमी बाहेर येतो. नेमके त्याच वेळी ते टोक भट्टीच्या तोंडात शिरत असते. दीडशे मिलिमीटरची मोकळी जागा तिथे शंभरावर येते, आणि टांगलेला माल थोडा झुलतो हे लक्षात घेता ती मला अपुरी वाटते.

उपाय सोपा निघाला. तोंड ३०० मिमी पुढे, म्हणजे वळणाच्या शेवटापासून १२०० मिमीवर नेले, की चौकटीचे पुढचे टोक तिथे पोहोचेपर्यंत मागची ट्रॉलीही सरळ भागात आलेली असते. सुधारित आकडे आणि आधीच्या आकड्यांबद्दलची दिलगिरी ग्राहकाला लेखी कळवली.

२० जून

दोन्ही ट्रॉली चेनने एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे मॉडेलमध्ये अजून आले नव्हते. पुढच्या ट्रॉलीचे मार्गावरील अंतर एका चलाला जोडले आणि मागच्या ट्रॉलीचे अंतर त्यातून ६१४.४ वजा करून समीकरणाने दिले. सरळ भागात सगळे ठीक चालले. वळणाशी येताच असेंब्ली लाल झाली : बंधने गरजेपेक्षा जास्त. मागच्या पिनचा मेट तात्पुरता बंद ठेवला आणि पुढे गेले. संगणकीय अडचण दिसते, नंतर पाहू.

२३ जून

वरची शेवटची दोन वाक्ये खोडत नाही, जशीच्या तशी राहू देते. ती चुकीची आहेत, आणि ती कशी चुकीची आहेत हे समजण्यातच या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस गेला.

सकाळी बंद ठेवलेला मेट पुन्हा सुरू केला. चल हळूहळू वाढवत नेले. सरळ भागात एकही तक्रार नाही. पुढची ट्रॉली कंसावर चढली की तक्रार सुरू. मी सांधे तपासले, फट नाही. ट्रॉलीचे अक्ष तपासले, समांतर आहेत. सहनशीलता बदलून पाहिली, फरक नाही. दुपारी आप्पांना हे दाखवले, तर त्यांनी संगणकाकडे न बघता विचारले, “सरळात बसतंय अन् वळणावर अडकतंय, असंच ना? मग खरी ट्रॉली पण तिथंच अडकंल.” त्यानंतर मी कागद घेतला.

चेन दोन ट्रॉलींमधले अंतर मार्गावरून ठरवते. लोड बार ते थेट ठरवतो. सरळ भागात मार्गावरचे अंतर आणि थेट अंतर एकच असते, म्हणून तिथे दोघांचे भांडण होत नाही. ९०० मिमी त्रिज्येच्या कंसावर ६१४.४ मिमी चाप धरला, तर त्याची जीवा ६०२.५ मिमी येते. म्हणजे चेन म्हणते, ट्रॉली ६०२.५ मिमी अंतरावर ठेवा. आणि दोन्ही टोकांना गोल भोके असलेला बार म्हणतो, ६१४.४ वर ठेवा. फरक ११.९ मिमी. चेन कंसावर गुळगुळीत वाकत नाही, तिच्या १०२.४ मिमीच्या कड्या बहुभुजाकृती होतात, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर दोन पिनांमधले अंतर ६०२.८५ मिमी आणि फरक ११.५ मिमी येतो. कोणत्याही रीतीने मोजले तरी सुमारे १२ मिमीचा विसंवाद उरतो, आणि तो फेडण्याची सोय यंत्रात कुठेच नव्हती.

मोकळिकींचा हिशेब केला असता, तर हे २० तारखेलाच दिसले असते. दोन ट्रॉलींच्या मिळून दोन मोकळिकी. चेनने एक काढून घेतली, उरली एक. त्यात लोड बारच्या सहा मिळवल्या, झाल्या सात. बारचे एक टोक पुढच्या ट्रॉलीच्या बिंदूला बांधले, तीन गेल्या. दुसरे टोक मागच्या ट्रॉलीच्या बिंदूला बांधले, आणखी तीन गेल्या. उरली एक. ती चालण्याची आहे असे वाटून मन समाधान पावते, पण तसे नाही : दोन टोकांना धरलेला बार स्वतःच्या लांबीभोवती फिरू शकतो, आणि उरलेली एक मोकळीक ती आहे. टांगलेल्या वजनाने बार उभा राहतो, म्हणून तीही काढली पाहिजे. मग उरते शून्य. कन्व्हेयर चालण्यासाठी एकही मोकळीक शिल्लक नाही. सरळ भागात तो चालतो, ते केवळ तिथली भूमिती योगायोगाने जुळते म्हणून.

याचा अर्थ असा की लाल झालेली असेंब्ली आपल्याला खरी गोष्ट सांगत होती, आणि मी तिचा मेट बंद करून तिला गप्प केले. हे रेखाचित्र तसेच कारखान्यात गेले असते, तर पहिल्याच वळणावर चेन ओढली जाऊन ट्रॉलींची चाके ट्रॅकच्या कडेवर चढली असती किंवा पिन वाकल्या असत्या.

उपाय बारच्या एका टोकाला लांबट भोक, म्हणजे स्लॉट, देण्याचा. मागच्या टोकाला तीनऐवजी दोनच मोकळिकी काढायच्या. पिन स्लॉटच्या मध्यरेषेवर राहील, पण तिच्यावरून पुढेमागे सरकू शकेल. मग हिशेब सुटतो : सातातून तीन गेल्या, दोन गेल्या, बारच्या फिरण्याची एक गेली आणि उरली एक. हीच कन्व्हेयरची चाल.

२५ जून

स्लॉट मेट देऊन असेंब्ली पुन्हा चालवली; पूर्ण वेटोळ्यात एकदाही लाल झाली नाही.

स्लॉटचे माप असे ठरवले. पिन १६ मिमीची, भोक १८ मिमीचे. सरळ भागात पिन स्लॉटच्या बाहेरच्या टोकापासून ४ मिमीवर असेल, वळणावर १२ मिमी आत सरकेल आणि आतल्या टोकापर्यंत आणखी ४ मिमी राहतील. म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत २० मिमी, आणि स्लॉटची एकूण लांबी ३८ मिमी. उभ्या वळणाची त्रिज्या १२०० मिमी असल्याने तिथे जीवा ६०७.७ येते आणि फरक ६.७ मिमीच पडतो, म्हणून आडवे वळणच निर्णायक आहे.

गोल भोक पुढच्या टोकाला आणि स्लॉट मागच्या टोकाला, असे रेखाचित्रावर बाणाने दाखवले आहे. उलट बसवले तरी यंत्र अडकणार नाही, पण मग बार नेहमी मागच्या ट्रॉलीशी बांधला जाऊन पुढचे टोक मोकळे सरकेल आणि माल चढवताना चौकट धक्क्याने पुढेमागे होईल. सगळे बार एकाच पद्धतीने बसावेत हे उत्तम.

२७ जून

उताराचा भाग. इथे ट्रॉली मार्गाबरोबर कलते, म्हणून उभ्या वळणावर दोन ट्रॉलींच्या पिनांचे अक्ष समांतर राहत नाहीत, ६१४.४ मिमी चाप १२०० त्रिज्येवर धरला तर त्यांच्यात जवळजवळ २९ अंशांचा कोन पडतो. समअक्ष मेट (दोन भागांचे अक्ष एका रेषेत ठेवणारे बंधन) अशा ठिकाणी टिकूच शकत नाही, आणि तो टिकत नाही याचा अर्थ आता मी लगेच वाचला : खरी गोल पिनही तिथे बारच्या भोकात आवळली जाईल. म्हणून ट्रॉलीखाली कडक पिनऐवजी सगळीकडे वळणारा स्विव्हल हुक घेतला, आणि मॉडेलमध्येही समअक्ष मेट काढून पुढच्या टोकाला बिंदूवर बिंदू आणि मागच्या टोकाला रेषेवर बिंदू ठेवला. २३ तारखेचा हिशेब या जोडणीला तंतोतंत लागू होतो.

वरच्या दिशेचा संदर्भ उतारावर काय करतो, हेही तपासले. अक्ष पूर्णपणे उभा ठेवणे आणि त्याच वेळी मार्गाला धरून कलणे या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत. म्हणून हे बंधन लोळणे तेवढे थांबवते आणि ट्रॉलीचा अक्ष मार्गाच्या उभ्या पातळीत ठेवते. आपल्याला हवे ते एवढेच आहे. मार्ग कुठे पूर्ण उभा झाला असता, तर हा संदर्भच निरर्थक ठरला असता. आपल्याकडे कमाल उतार ३० अंशांचा आहे.

आणखी एक प्रश्न आम्हाला थोडा वेळ अडवून बसला. चेन ट्रॅकच्या खाली टांगलेली असते; मग मार्ग ट्रॅकचा घ्यायचा की चेनचा? आडव्या वळणावर चेन ट्रॅकच्या बरोबर खाली असल्याने त्रिज्या बदलत नाही. उभ्या वळणांवर मात्र बदलते : वरच्या फुगीर वळणावर चेनची रेषा कमी त्रिज्येची, खालच्या खोलगट वळणावर जास्त त्रिज्येची. पण उतरताना आणि चढताना मिळून जितके अंश फुगीर वळण येते तितकेच अंश खोलगट येते, त्यामुळे एकूण लांबीतला फरक अगदी शून्य होतो. तरीही स्थाने अचूक यावीत म्हणून मेटसाठी चेनचीच मध्यरेषा घेतली.

उतारावर १८०० मिमीची चौकट बारबरोबर ३० अंश कलते आणि तिचे खालचे टोक मध्यापासून ४५० मिमी खाली येते. चढण्या-उतरण्याच्या जागी खाली स्टूल, टोपल्या, काहीही ठेवू नये, अशी सूचना मांडणीच्या रेखाचित्रावर लिहिली.

१ जुलै

चेनची लांबी. वेटोळे २४,००० अधिक दोन अर्धवर्तुळांचे ५,६५४.९, शिवाय उतार आणि चढ यांनी वाढलेले ४२३.३; एकूण ३०,०७८.१ मिमी. १०२.४ ने भागले तर २९३.७ पिच. अपूर्ण पिच असू शकत नाही. या चेनमध्ये मधली कडी आणि बाजूच्या पट्ट्यांची जोडी आळीपाळीने येते, म्हणून बंद वेटोळ्यात पिचची संख्या समच लागते. शिवाय १८०० मिमीच्या चौकटी एकमेकींना लागू नयेत म्हणून कॅरियर दर २४ पिचला, म्हणजे २,४५७.६ मिमीवर हवेत, आणि ते सर्व समान अंतरावर बसण्यासाठी एकूण पिच २४ ने भागले गेले पाहिजेत. म्हणजे पर्याय दोनच : २८८ पिच आणि १२ कॅरियर, किंवा ३१२ पिच आणि १३ कॅरियर.

ग्राहकाला अर्थातच तेरावा कॅरियर हवा होता. त्यासाठी प्रत्येक सरळ बाजू ९३५ मिमीने वाढवावी लागते. ट्रॅकची एकूण लांबी मग १४,७३५ मिमी होते, आणि नुसत्या ट्रॅककडे पाहिले तर ती १५ मीटरच्या शेडमध्ये बसते. पण माल ट्रॅकच्या रेषेवर वळत नाही. चौकटीचा बाहेरचा कोपरा वळणाच्या केंद्रापासून १,३४४ मिमी त्रिज्येने फिरतो. तो धरला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५,६२३ मिमी लागतात. खांब मध्ये येतात. २८८ पिचच्या पर्यायात सरळ बाजू ११,७०६.५ मिमी होतात आणि मालासह एकूण १४,३९५ मिमी लागतात. प्रत्येक टोकाला सुमारे ३०० मिमी जागा उरते. हाच पर्याय निश्चित केला आणि कारण आकड्यांसह कळवले.

टेक-अपची (चेनचा ढिलेपणा ताणून घेणाऱ्या भागाची) चाल ठरवताना भट्टीत असणारा चेनचा भाग सुमारे ५ मीटर आणि तापमानातली वाढ १५० अंश सेल्सिअस धरली. पोलादाची त्यातली वाढ ९ मिमी होते. चेनची झीज कालांतराने याहून अधिक लांबी वाढवेल, म्हणून टेक-अपला भरपूर जागा ठेवली आहे.

४ जुलै

आषाढी एकादशी रविवारी आहे. दोघे फिटर वारीला पंढरपूरला गेले आहेत. वेल्डिंगचे काम पुढच्या आठवड्यात. चाचणीच्या वळणाची रेखाचित्रे तेवढी दिली.

७ जुलै

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याने माझ्या आकड्यांची स्वतंत्र पडताळणी फ्रीकॅड या दुसऱ्या आराखड्याच्या प्रोग्राममध्ये केली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत असेंब्लीची स्वतःची कार्यशाळा आहे आणि तिच्यात फिरते, सरकते, गोलाकार, स्क्रू, गियर, पट्टा असे सांधे आहेत. मार्गावर चालणारा सांधा मात्र नाही. म्हणून त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. मार्गाच्या कडांवर दिलेल्या अंतरावरचा बिंदू आणि तिथली स्पर्शिका काढायची, मागची ट्रॉली ६१४.४ मिमी मागे ठेवायची आणि बार त्या दोन बिंदूंमधून ठेवायचा. दर ५ मिमीला पिनांमधले अंतर लिहून घेतल्यावर सर्वांत कमी अंतर ६०२.५ आले, म्हणजे चापाच्या हिशेबाइतकेच. त्याने काढलेल्या आलेखात हे अंतर वळणाशी अचानक न पडता पुढची ट्रॉली कंसावर चढल्यापासून मागची चढेपर्यंत हळूहळू उतरताना दिसते. स्लॉटमध्ये पिनला धक्का बसणार नाही, ही त्यातून मिळालेली महत्त्वाची माहिती. मी स्वतः ती पाहिली नव्हती.

१० जुलै

चाचणीसाठी ९० अंशांचे एक वळण, दोन्ही बाजूंना दीड मीटरचे सरळ तुकडे, तीन ट्रॉली आणि एक लोड बार, एवढी मांडणी कारखान्यात उभी केली. आप्पांनी स्लॉटच्या आतल्या भिंतीला मार्किंग ब्लू लावला आणि चेन हाताने ओढत कॅरियर वीस वेळा पुढेमागे नेला. कुठेही अडखळला नाही. बार काढून पाहिला, तेव्हा निळ्या रंगावर पिनच्या घासण्याचा पट्टा स्पष्ट उमटलेला होता. व्हर्नियरने पिनच्या सरकण्याची लांबी मोजली : वेगवेगळ्या वाचनांत ११ ते १२ मिमी.

त्यानंतर आप्पांच्याच सूचनेवरून दोन्ही टोकांना गोल भोके असलेला जुना बार लावून पाहिला. पुढची ट्रॉली कंसावर एक वीत गेली आणि कॅरियर थांबला. जोराने ओढल्यावर मागच्या ट्रॉलीचे एक चाक ट्रॅकवरून उचलले गेले. मॉडेलमध्ये असेंब्ली लाल झाली होती ती याच स्थितीशी.

१४ जुलै

लोड बारचे रेखाचित्र दुसऱ्या आवृत्तीत प्रसिद्ध केले : पुढे १८ मिमी गोल भोक, मागे १८ गुणिले ३८ मिमी स्लॉट, चालीची दिशा बाणाने दाखवलेली. गोल भोकांचे जुने रेखाचित्र रद्द केले असून कारखान्यातल्या फलकावरची त्याची प्रत आप्पांनी आज स्वतः काढून आणून दिली. बारा बारांसाठी पट्टी कापायला गेली आहे.